मुलाच्या टाइप १ मधुमेहानंतर घराची घडी पुन्हा कशी बसवावी?

प्रश्न : दोन मुलांची आई

माझ्या सात वर्षांच्या मुलाला काही महिन्यांपूर्वी टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. त्याला सतत तहान लागत होती, रात्री तो पुन्हा पुन्हा लघवीला उठत होता आणि वजन डोळ्यांदेखत उतरत चालले होते. आम्ही त्याला दवाखान्यात नेले तोवर रक्तात कीटोन नावाची आम्ले साचून कीटोॲसिडोसिस ही धोकादायक अवस्था झालेली होती आणि त्याच दिवशी त्याला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. त्यातून तो सुखरूप बाहेर आला. आता आम्ही पेनने इन्सुलिन देतो, त्याच्या दंडावर शुगर सतत मोजून फोनवर दाखवणारा सेन्सर लावलेला आहे आणि जेवणातील कार्बोहायड्रेट मोजून डोस ठरवण्याचाही सराव झाला आहे. उपचारांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आमचे डॉक्टर वेळ देऊन समजावून सांगतात.

माझा प्रश्न घराबद्दल आहे. मुलगा शाळेतून आला की मी आधी फोनवर त्याची शुगर पाहते आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे. आम्हा नवरा-बायकोचे बोलणे आता आकड्यांपुरते उरले आहे: किती आहे, वर जाते आहे की खाली, डोस कोणी दिला, किती दिला. सेन्सरचा गजर होत नसला तरी मी रात्री उठून त्याच्या अंगाला हात लावून पाहते, कारण झोपेत शुगर उतरली आणि आपल्याला कळलेच नाही तर, हा विचार डोक्यातून जात नाही. सासूबाईंचे त्याच्यावर अतिशय प्रेम आहे, परंतु सुई टोचताना त्या खोलीतून उठून जातात आणि हा आजार मुळापासून बरा करणारा कोणीतरी असेलच, असे रोज एकदा तरी म्हणतात.

सर्वांत जास्त काळजी मला मुलीची वाटते. ती अकरा वर्षांची आहे आणि अलीकडे फारच समजूतदारपणे वागते. हट्ट करत नाही, काही मागत नाही, भांडत तर नाहीच. शाळेच्या नाटकात तिची निवड झाल्याचे मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळले. विचारल्यावर ती म्हणाली, "तू कामात होतीस." त्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही.

ज्यांच्या घरात मुलाचा असा कायमचा आजार आहे, त्यांनी या आजाराला घरात किती जागा दिली आणि उरलेले घर कसे राखले, हे मला जाणून घ्यायचे आहे. आमचे पूर्वीचे घर परत मिळेल का, हेही कोणी प्रामाणिकपणे सांगावे.

उत्तर : एका मुलीचा बाबा

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पूर्वीचे घर जसेच्या तसे परत मिळत नाही. परंतु आज तुम्ही ज्या घरात वावरता आहात, तेही असेच राहत नाही. माझ्या मुलीला पहिलीत असताना निदान झाले आणि आता ती महाविद्यालयात शिकते. आमच्या घरात आज भांडणे होतात, पाहुणे येतात, परीक्षेचे ताण असतात आणि मधुमेहही असतो. पहिल्या वर्षी मात्र घरात केवळ मधुमेहच होता. हे पहिले वर्ष सर्वांनाच असे जाते, याचा अर्थ तुमचे काही चुकते आहे असा होत नाही.

आमच्याकडे सर्वांत मोठा फरक पडला तो रात्रीच्या पाळ्या ठरवल्यामुळे. आधी आम्ही दोघेही जागत होतो आणि सकाळी दोघेही चिडलेले असायचो. नंतर असे ठरले की ज्याची पाळी असेल त्याच्याच फोनवर गजर वाजेल आणि दुसऱ्याने दुसऱ्या खोलीत जाऊन झोपायचे. डोस देण्याचा निर्णयही पाळी असलेल्यानेच घ्यायचा आणि सकाळी त्याच्या निर्णयाची चिकित्सा करायची नाही. हे शेवटचे कलम पाळायला कठीण आहे, पण तेच महत्त्वाचे आहे. दोघांपैकी एकजण तज्ज्ञ आणि दुसरा मदतनीस अशी विभागणी घरात एकदा बसली की तज्ज्ञ थकून जातो आणि मदतनीस हळूहळू बाजूला पडतो. अनेक घरांत आई तज्ज्ञ होते आणि मग तिला सुट्टी कधीच मिळत नाही. तुमच्या पतींनी आठवड्यातील काही दिवस मोजणे, डोस आणि शाळेशी बोलणे हे सर्व एकट्याने करावे, आणि त्या दिवशी त्यांनी विचारल्याशिवाय तुम्ही सल्ला देऊ नये, असे मी आग्रहाने सुचवेन.

आकड्यांच्या बोलण्यासाठीही आम्ही एक वेळ ठरवली. मुलगी झोपल्यावर आम्ही दोघे दिवसभराचा आलेख एकदाच पाहायचो, उद्यासाठी काही बदलायचे असल्यास लिहून ठेवायचो आणि फोन बाजूला ठेवायचो. तातडीचे असेल ते अर्थातच तेव्हाचे तेव्हा बोलायचे. जेवताना मात्र डोस देऊन झाला की शुगरचा विषय काढायचा नाही, हा नियम आजही आमच्याकडे आहे.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला वेळेवर सांगितली गेली म्हणून आम्ही मोठ्या निराशेतून वाचलो. निदानानंतर काही आठवड्यांत अनेक मुलांची इन्सुलिनची गरज अचानक कमी होते, कारण स्वादुपिंडातील शिल्लक बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी, काही काळ पुन्हा काम करू लागतात. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात. हा काळ काही महिने टिकतो, काहींमध्ये त्याहून अधिक. तो संपून डोस वाढू लागला म्हणजे आजार बळावला असे नाही. घरातील मोठ्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण डोस कमी झाल्याचे पाहून "बरा होतोय" अशी आशा सर्वांत आधी त्यांनाच वाटते.

उत्तर : बालमधुमेह विभागातील परिचारिका

मी अनेक वर्षे अशा कुटुंबांसोबत काम करते आहे. तुमच्या मुलाचे डोस आणि मर्यादा तुमचे डॉक्टरच ठरवतील, त्यामुळे मी केवळ घरच्या ताणाशी संबंधित असलेल्या बाबींवर लिहिते.

पहिली बाब रात्रीची. सेन्सर चालू असताना दर रात्री उठून अंग चाचपण्याची गरज नसते, परंतु कोणत्या रात्री सावध राहायचे हे ठरलेले असले की बाकीच्या रात्री झोप लागू शकते. ज्या दिवशी मूल नेहमीपेक्षा खूप खेळले किंवा पोहले असेल त्या रात्री, कारण व्यायामानंतर कित्येक तासांनीही शुगर उतरू शकते; ताप, उलट्या किंवा जुलाब असतील त्या रात्री; डोसमध्ये नुकताच बदल केला असेल त्या रात्री; आणि झोपण्यापूर्वी हायपो, म्हणजे शुगर फार खाली जाण्याचा प्रसंग, होऊन गेला असेल त्या रात्री. या चार प्रसंगांव्यतिरिक्त गजरावर विसंबून झोपण्यास तुमच्या डॉक्टरांची संमती आहे का, हे त्यांना स्पष्टपणे विचारा. बहुतेक पालक हा प्रश्न विचारतच नाहीत आणि वर्षानुवर्षे जागत राहतात. मूल सेन्सर लावलेल्या दंडावर दाबून झोपले तर आकडा खोटा खाली दिसू शकतो, हेही लक्षात असू द्या. अशा वेळी त्याला दुसऱ्या कुशीवर वळवून बोटाच्या टोकाचे रक्त तपासले की खरी परिस्थिती कळते. सेन्सर रक्तातील साखर थेट मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातील मोजतो, त्यामुळे शुगर वेगाने बदलत असताना तो काही मिनिटे मागे राहतो.

दुसरी बाब आकड्यांची. सेन्सर वापरणाऱ्यांसाठी २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत जे सर्वसाधारण ध्येय ठरले, ते ७० टक्क्यांहून अधिक वेळ शुगर ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान ठेवण्याचे आहे. याचा हिशेब करून पाहा. दिवसातील सुमारे सात तास शुगर या पट्ट्याच्या बाहेर राहिली, तरी ध्येय जवळजवळ गाठलेले असते. माझ्याकडे येणाऱ्या आया जेवणानंतर दिसलेला एक २४० चा आकडा घेऊन रडत बसलेल्या असतात, त्यांना मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवते. वाढत्या वयाच्या मुलाची शुगर वाढीच्या संप्रेरकांमुळे, सर्दीमुळे, परीक्षेच्या भीतीमुळे, आणि कधी कोणतेही कारण सापडू न देता वर जाते. लगेच कृती करण्याचे आकडे वेगळे असतात: ७० च्या खाली लगेच ग्लुकोज द्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, आणि ५४ च्या खालचा आकडा गंभीर समजायचा. मोठ्यांसाठी सांगितले जाणारे १५ ग्रॅम लहान मुलासाठी जास्त होतात. साधारणपणे वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज पुरते. हे प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद शाळेतही द्या. मूल बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. अशा वेळी ग्लुकागॉन, म्हणजे शुगर झटकन वाढवणारे तातडीचे औषध, द्यायचे आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची.

सासूबाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या खोलीतून उठून जातात ते त्यांना नातवाचे दुःख पाहवत नाही म्हणून, आणि बरा करणारा कोणीतरी असेल असे म्हणतात ते आपल्या हातात दुसरे काहीच नाही म्हणून. त्यांना वाद घालून पटणार नाही. त्यांच्या हाती एखादे काम सोपवा. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांनाच सांगू द्या की शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच बीटा पेशी नष्ट केल्यामुळे हा आजार होतो. गोड खाल्ल्यामुळे किंवा कोणाच्या हयगयीमुळे तो झालेला नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला माणसाला दिलेले पहिले इन्सुलिन इंजेक्शन मिळाले. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही काळ जगवणे एवढेच वैद्यांच्या हाती होते. आज्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण इन्सुलिन ही लागलेली सवय आहे आणि ती सुटली पाहिजे, असे त्यांच्या मनात असते. इतर कोणत्याही उपायासाठी इन्सुलिन एक दिवसही थांबवायचे नाही, हे मात्र त्यांच्यासमोर ठामपणे आणि एकदाच सांगायला हवे.

तुमच्या स्वतःच्या मनःस्थितीबद्दलही एक विनंती करते. धसका, अपुरी झोप आणि सतत पहाऱ्यावर असल्याची भावना काही महिन्यांनंतरही कमी होत नसेल, तर मुलाच्या पुढच्या भेटीत ते डॉक्टरांना सांगा आणि समुपदेशकाची मदत मागा. अतिदक्षता विभागातून मूल परत आणलेल्या पालकांच्या मनावर त्या दिवसाचा खोल परिणाम राहतो आणि त्यावर उपचार होतात.

उत्तर : भावाची मोठी बहीण

मी पालक नाही. माझ्या धाकट्या भावाला तो पाच वर्षांचा असताना हाच आजार झाला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. तुमच्या मुलीचे "तू कामात होतीस" हे वाक्य वाचून मला उत्तर लिहिणे भाग पडले.

समजूतदार झालेल्या मुलाचे घरात फार कौतुक होते आणि त्यामुळे त्याला त्या भूमिकेतून बाहेर पडता येत नाही. आई-बाबांवर आधीच इतके ओझे आहे, त्यात आपली भर नको, असा हिशेब मी दहाव्या वर्षी केला होता आणि तो पक्का होता. मला भावाचा राग येत असे आणि राग आल्याबद्दल लाजही वाटत असे. शिवाय मला दोन भीती होत्या, ज्या मी कोणालाही सांगितल्या नाहीत. आम्ही खेळताना मी त्याला ढकलले होते, त्यामुळे त्याला हे झाले असावे, ही पहिली. आणि आता मलाही होणार, ही दुसरी. मला कधीही जास्त तहान लागली की मी घाबरून जात असे. तुमच्या मुलीलाही असे काही वाटत असेल का, हे तिने विचारण्याची वाट पाहू नका. तुम्हीच सांगा की हे कोणाच्या वागण्यामुळे झालेले नाही. स्वतःला होण्याच्या भीतीबद्दल मात्र खोटा दिलासा देऊ नका. टाइप १ असलेल्या मुलाच्या भावंडांमध्ये धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरीही बहुसंख्य भावंडांना तो कधीच होत नाही. हा धोका आधी ओळखण्यासाठी अँटीबॉडींची रक्ततपासणी उपलब्ध आहे, ती करावी की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. मला हे कोणी सांगितले असते तर माझी कित्येक वर्षे हलकी गेली असती.

आईने माझ्यासाठी वेळ काढावा, असे सर्वजण सांगतील, आणि ते खरे आहे. पण तो वेळ काढताना आईचा फोन बाबांकडे असायला हवा. माझी आई मला घेऊन बाहेर जायची आणि दर थोड्या वेळाने पर्समधला फोन काढून पाहायची. तेवढा वेळ मी बोलायचे थांबायचे. पुढे बाबांनी फोन स्वतःकडे ठेवायला सुरुवात केली आणि अगदी गरज पडली तरच ते दुसऱ्या फोनवर कळवायचे. त्या दिवसांतील आईचा हात माझ्या हातात होता, एवढे मला स्पष्ट आठवते.

तिला भावाची राखणदार करू नका. त्याला हायपो झाला तर ग्लुकोज कुठे ठेवलेले आहे आणि कोणाला हाक मारायची, एवढे तिला माहीत असावे, कारण त्याने तिची भीती कमी होईल. परंतु शाळेत त्याच्यावर लक्ष ठेवणे, त्याने काय खाल्ले ते घरी येऊन सांगणे, ही तिची जबाबदारी नाही. आणि तिने एखाद्या दिवशी भावाशी कडाडून भांडण केले, तर त्याला आजारी म्हणून झुकते माप देऊ नका. त्या भांडणाचा निवाडा पूर्वी जसा केला असता तसाच करा. दोघांनाही ते हवे असते.

नाटकाला नक्की जा. दोघेही जा, भावाला आजीकडे ठेवून.

उत्तर : नववीपासून इन्सुलिनवर

मी आता तिशी ओलांडली आहे. मुलाच्या बाजूने थोडेसे सांगतो.

घरात "आज शुगर चांगली आहे" आणि "आज वाईट आहे" असे बोलले जायचे. मुलाच्या कानाला ते "तू चांगला" आणि "तू वाईट" असे ऐकू येते. पुढे किशोरवयात अनेक मुले आकडे लपवतात किंवा खोटे सांगतात, त्याची सुरुवात बऱ्याचदा इथे होते. "जास्त", "कमी" आणि "पट्ट्यात" हे शब्द पुरेसे आहेत. २८० दिसल्यावर "काय खाल्लंस?" हा पहिला प्रश्न नसावा. आधी डोस द्यावा, पाणी द्यावे, आणि कारण शोधायचेच असेल तर नंतर, त्याच्यासोबत बसून शोधावे.

सात वर्षांच्या मुलाला निवड करू द्या, पण जबाबदारी देऊ नका. सुई पोटावर घ्यायची की मांडीवर, कोणत्या बोटातून रक्त घ्यायचे, सेन्सर कोणत्या दंडावर लावायचा, हे त्याने ठरवावे. जागा आळीपाळीने बदलायच्या असतातच, कारण एकाच ठिकाणी टोचत राहिले की तिथे चरबीची गाठ येते आणि इन्सुलिन नीट शोषले जात नाही. मात्र इन्सुलिन घ्यायचे की नाही, हा प्रश्न त्याला कधीही विचारू नये. डोस मोजण्याची जबाबदारी खूप सावकाश आणि तुमच्या देखरेखीखालीच त्याच्याकडे जाऊ द्या. मूल हुशार आहे म्हणून त्याच्यावर लवकर सोपवले, की किशोरवयात, म्हणजे इन्सुलिनची गरजही वाढते आणि कंटाळाही वाढतो त्याच वयात, ते एकटे पडते.

शाळेतून आल्यावर आधी चेहरा पाहावा, हे तुम्हाला स्वतःलाच जाणवले आहे. गजर वाजत नसेल तर आकडा पाच मिनिटे थांबू शकतो.

प्रश्नकर्ती : दोन मुलांची आई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पतींनीही सर्व उत्तरे वाचली. रात्रीच्या पाळ्या आम्ही ठरवल्या आहेत, आणि नाटकाच्या दिवशी फोन त्यांच्याकडे राहील. मुलीशी मी काल बोलले. तिला तीच भीती होती, म्हणजे आपल्यालाही होईल अशी. तिने ती माझ्याजवळ बोलून दाखवली आणि नंतर, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, ती माझ्यावर चिडलीही, याचा मला आनंद झाला.

एकच अडचण उरते. नाटकाला आम्ही दोघे जायचे तर दोनेक तास मुलाजवळ सासूबाई एकट्या असतील. त्यांना सुई देता येत नाही आणि त्या शिकतील असे आत्ता तरी वाटत नाही. अशा स्थितीत त्याला त्यांच्याकडे ठेवणे योग्य होईल का?

उत्तर : बालमधुमेह विभागातील परिचारिका

बहुधा होईल, वेळ नीट निवडली तर. जेवण आणि त्याचा डोस तुम्ही घरी असतानाच उरकून घ्या, म्हणजे त्या दोन तासांत त्यांना इन्सुलिन देण्याचा प्रसंग येणार नाही. जेवणाच्या डोसचा जोर पहिल्या दोन-तीन तासांत असतो, म्हणून निघण्यापूर्वी सेन्सरवरचा आकडा आणि शुगरची दिशा दाखवणारा बाण दोन्ही पाहा आणि शुगर वेगाने उतरत असेल तर ती स्थिरावल्याशिवाय निघू नका. त्या वेळेत धावपळीचा खेळ नको. सासूबाईंना दोनच गोष्टी यायला हव्यात: हायपोची लक्षणे ओळखणे, म्हणजे घाम, थरथर, फिकटपणा किंवा अचानक आलेली चिडचिड, आणि ठरलेल्या प्रमाणात ग्लुकोज देऊन तुम्हाला फोन करणे. ग्लुकोजच्या पुड्या आधीच मोजून, एका वेळेची एक अशा बांधून ठेवा. तुम्ही घरात असताना एखाद्या दुपारी हे सर्व त्यांच्याकडून एकदा करवून घ्या. ग्लुकागॉन देऊ शकेल असा एखादा शेजारी किंवा नातेवाईक हाकेच्या अंतरावर असावा, आणि ही संपूर्ण योजना तुमच्या डॉक्टरांना आधी दाखवून घ्या. सुई त्या पुढे शिकल्या तर उत्तमच, पण त्यासाठी आत्ता थांबण्याचे कारण नाही.